टाकीचा पंप

मंगळवारी सकाळी वाचनालयातल्या माशांच्या टाकीचा पंप थांबला. अण्णांनी तो उघडला. आतला हवा ढकलणारा रबराचा पडदा फाटला होता.

अण्णा मानवतच्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. कुठलीही वस्तू शब्दांनी सांगायची नाही, हा त्यांचा नेम होता. बिजागरी हवी असली तर ते जुनी बिजागरी रुमालात बांधून दुकानात जायचे. "दुकानदाराला नमुना दाखवावा. सांगत बसलं की तो त्याच्या मनातलंच काढून देतो," असं म्हणायचे. पुस्तकाचं नाव विसरलेल्या वाचकालाही ते आधी विचारत, "कव्हर कसं होतं?"

टाकी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मुलांसाठी वाचनालयाला दिली होती. वर्षभरापूर्वी काकू गेल्या. सात मासे राहिले.

पडदा परभणीतही मिळेना. गावातले एक कापडवाले हैदराबादला निघाले होते. अण्णांनी नेमाप्रमाणे फाटका पडदा कागदात गुंडाळून त्यांच्याकडे दिला. ते गेल्यावर अण्णा आणि मी सायकलवाल्या रज्जाकभाईंकडे गेलो.

"ट्यूब कापून आत्ता बनवतो की," ते म्हणाले. "नमुना आणा."

अण्णा म्हणाले, "नमुना गाडीत बसून गेला."

"मग आता जाडी कशी कळायची, अण्णा? हे काय पंक्चर हाय का, अंदाजानं चिकटवायला?"

तरीही त्यांनी अंदाजानं तीन पडदे कापले. दोन जाड निघाले. पंप नुसता घुमायचा, हवा येत नव्हती. तिसरा तासाभरात फाटला.

तेव्हापासून अण्णा तांब्यानं टाकीतलं पाणी काढून उंचावरून परत टाकीत ओतायचे. पाण्यात हवा जायची ती तेवढीच. शाळेत शिकवून सुटलो की मी जायचो आणि तांब्या हातात घ्यायचो. अण्णांचा बसल्या बसल्या डोळा लागला की एखादा मासा वर येऊन तोंड उघडमीट करायचा. शुक्रवारी दोन मेले.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा पेटला. एस.टी. बंद झाली. शनिवारी पोस्टात फोन आला: कापडवाले नवा पडदा घेऊन परभणीपर्यंत आले होते आणि नातेवाइकांकडे अडकले होते.

मी म्हणालो, "सायकल काढतो. संध्याकाळपर्यंत परत येईन."

अण्णांनी पाणी ओतणं थांबवलं नाही. "गुरुजी, वाटेत काय चालू हाय ते तुमी रोज पेपरातनं मलाच वाचून दाखवता. तिकडं घरं जळायलीत. माशांपायी माणूस पाठवू का मी?"

"काकूंचे मासे आहेत, अण्णा."

"म्हणून तर न्हाई म्हणतो. तिनं मलाच बोल लावला असता."

मी गेलो नाही. जायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही. शेवटचा मासा सोमवारी गेला.

पडदा गुरुवारी आला. अण्णांनी तो बसवला, पंप लावला. पंप चालला. रिकाम्या टाकीत दिवसभर बुडबुडे येत राहिले आणि मुलं काचेला नाक लावून ते बघत राहिली. वाचनालय बंद करायच्या वेळी अण्णांनी बटण बंद केलं.

"नमुना परत दिला का त्यांनी?" मी विचारलं.

"दिला," म्हणाले, आणि तो फाटका पडदा रुमालात बांधून खिशात ठेवला.

नंतर सहा वर्षांनी अण्णा गेले. टाकी अजून वाचनालयात आहे. तिच्यात जुनी मासिकं ठेवतात.