मालावर प्रेम

औरादला आमच्या घरी साबण, पावडर, अत्तर विकायला एक बाई यायची. कंपनीची जड पिशवी ओट्यावर टेकवून ती आधी पाणी मागायची. मालाचं कौतुक मात्र तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. एकदा मी विचारलं, "यातलं तुम्हाला स्वतःला काय आवडतं, अक्का?"

"काईच न्हाई. करोना झाल्यापासून मला वासच येईना झालाय."

"मग विकता कशा?"

"वास घेणाऱ्याच्या तोंडाकडं बघते. कंपनीवाले म्हणतेत, मालावर प्रेम करा. कुठून आणू?"

तेवढ्यात माझ्या आईनं चंदनाचा साबण नाकाशी धरला. माझे वडील वारून महिनाच झाला होता, आणि ते जन्मभर चंदनाच्याच साबणानं अंघोळ करत आले होते. बाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं आईचा चेहरा पाहिला, साबण हळूच तिच्या हातातून काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

"ह्यो न्हाई विकायचा मला," ती म्हणाली. "आईला तरास होयलाय."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि हात पुढं केला.

"व्हय, होयलाय," ती म्हणाली. "दोन दे."