कापायला आलेली बाग

लहानपणापासून माझं तोंड मोठं. आमच्या चोपड्याकडच्या गावात लोक आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायचे, "हिला वकील करा, नाहीतर हिचं कसं व्हायचं!" वकील काही झाले नाही. अमळनेरच्या कॉलेजात असताना तिथल्या एका छोट्या पेपरला बाजार समितीतले भाव कळवायला लागले आणि तेच अंगाला चिकटलं. मग जळगावच्या दैनिकात व्यापाराचं पान, आणि तिथून एका व्यापारविषयक मासिकाची संपादक. माय मात्र अजून गल्लीत एवढंच सांगते, "पोर पेपरमा शे." सांगून सांगून थकले, आता मीही सोडून दिलंय.

संपादक झालं की लोक भाषणाला बोलावतात, हे मला ठाऊक नव्हतं. पहिलंच मोठं बोलावणं आलं ते जळगावातल्या केळी व्यापाऱ्यांच्या मेळाव्याचं. विषय दिला होता, 'केळी व्यापारातील संधी'. मला मात्र गाडीबद्दल बोलायचं होतं.

केळीवाल्याला हे वेगळं सांगायला नको. घड भरला की तो थांबत नाही. व्यापारी भाव ठरवतो, म्हणतो, "उद्या गाडी लावतो." उद्या गाडी येत नाही. परवा फोन उचलत नाही. एखादा घड पिवळा पडायला लागला की शेतकरीच हातापाया पडतो, "न्या बुवा, काय द्यायचं ते द्या." मग गाडी येते, अगदी वेळेवर! सगळेच व्यापारी असे नसतात. पण जे असतात त्यांना कोणी तोंडावर बोलत नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा त्यांचीच गाडी लागणार असते.

आणि नेमकी त्याच आठवड्यात आमची बाग कापायला आली होती. सकाळीच आबांचा फोन.

"आठ दिवस दम धर. माल निघून जाऊ दे, मग काय बोलायचं ते बोल."

मी म्हटलं, "आबा, आठ दिवसांनी काकांची बाग कापायला येईल. मग शेजारच्यांची. मी बोलायचं कधी?"

त्यांनी फोन ठेवून दिला.

मेळाव्यात चहा घेताना आबांचा माल घेणारा व्यापारीच समोर आला. हसून म्हणाला, "ताई, आबांची बाग तयार आहे ना? परवा गाडी लावतो. तुम्ही आज छान बोला." एवढंच. आवाजही चढवला नाही. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगते, तोवर माझं मन डळमळत होतं. त्याच्या त्या हसण्याने पक्कं झालं.

मी बोलले. नाव कोणाचं घेतलं नाही, पण गाडी कशी अडवतात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. टाळ्या पडल्याच नाहीत. जेवायच्या वेळी माझ्या टेबलाशी कोणी बसलं नाही. मी आपली मुकाट्याने शेवभाजी संपवली आणि निघाले.

गाडी आली नाही. आबांनी दुसऱ्यांना विचारलं, तिसऱ्यांना विचारलं. सगळ्यांच्या गाड्या नेमक्या बाहेरगावी! केळी झाडावरच पिकली. मायने शेजारीपाजारी वाटली, गुरांना घातली, उरलेली बांधावर सडली. मी गावी गेले तर आबा माझ्यासमोरून उठून गेले. माय म्हणाली, "तुन्हा पगार व्हई जाई. आम्हनं काय?" परतताना एसटीत मी तोंडाला पदर लावून रडले. राग कोणाचा येत होता, माझं मलाच कळत नव्हतं.

पण मागे फिरणं माझ्या स्वभावात नाही. पुढच्याच अंकात तोच विषय मुखपृष्ठावर घेतला. मासिकाचे मालक कपाळाला हात लावून बसले. "जाहिराती बंद होतील. तू आणणार का?" म्हटलं, "आणते." आणल्याही, ठिबकवाल्यांच्या, खतवाल्यांच्या, दारोदार हिंडून. हळूहळू शेतकऱ्यांच्या गटांकडून बोलावणी यायला लागली. आमचा ठरलेला व्यापारी तुटला होता, म्हणून आबाही एका गटात गेले. गट स्वतःच गाड्या ठरवायचा. माझ्याशी ते बोलायचे, पण कामापुरतं. त्या बागेचा विषय घरात कोणी काढायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याला शेतकऱ्यांच्या मेळाव्यात बोलायचं होतं. आबांना तिथेच डॉक्टरांना डोळे दाखवायचे होते, म्हणून ते माझ्याबरोबर आले आणि मागच्या खुर्चीत बसले. मी जेमतेम सुरुवात केली, तोच मधल्या रांगेतला एक जण उठला.

"ताई, तुम्हाला बोलायला काय जातं? तुम्ही बोलून जाल, गाडी आमची अडेल. तुमचं काय नुकसान झालंय का कधी?"

बोलण्यात एवढी पटाईत मी, पण काय सांगणार? माणूस खरं तेच बोलत होता. नुकसान माझं झालंच नव्हतं.

मागे खुर्ची सरकली. आबा उभे राहिले. चार माणसांत कधी तोंड न उघडणारा माणूस, टोपी सारखी करत म्हणाला, "नुकसान मन्हं झायं. बाग मन्ही व्हती. बठ्ठा माल झाडवरच पिकी गया." मग माझ्याकडे बोट केलं. "ही मन्ही आंडेर शे, मन्ही पोर. मी तिले 'बोलू नको' सांगेल व्हतं. आते तिले बोलू द्या."

आणि ते खाली बसले.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी दोन घोट पाणी प्यायले, डोळे पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.