अण्णाची गिटार सरी केली

आमच्या घरचं मराठी कितीतरी पिढ्या बंगळूरात मुरलेलं आहे. 'सरी करणे' हे त्यातलंच. नळ गळत असेल तर तो सरी करायचा, आणि गणित चुकलं असेल तर तेही सरीच करायचं.

वहिनी गेल्यावर दोन महिन्यांनी अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, नागपूरहून फोन आला. कायमचा परत येतोय म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "माझी गिटार स्वल्प सरी करून ठेव. आता तीच एक राहिलीय."

ती वर्षभर माझ्याकडे पडून होती आणि स्पीकरला लावली की खरखरायची. तेवढं दुरुस्त कर, असं त्याला म्हणायचं होतं. हे मला तेव्हाही कळलं होतं. पण मी पडलो हौशी. कॉलेजात असताना अण्णाला त्याच कंपनीचं महागडं मॉडेल हवं होतं, फिकट पिवळं, दोन पिकअपचं, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या दोन पट्ट्यांचं. परवडलं नाही म्हणून त्याने ही एका पिकअपची तपकिरी घेतली. बिचाऱ्याने आयुष्यभर दुधाची तहान ताकावर भागवली, असं मीच ठरवून टाकलं. त्याला विचारलं मात्र नाही.

बनशंकरीतल्या कारागिराने गिटार उलटसुलट करून पाहिली. दुसऱ्या पिकअपसाठी लाकूड कोरावं लागेल, सगळा रंग खरवडावा लागेल, आणि कोरलेलं लाकूड परत भरून येत नाही, हे त्याने मला कन्नडमध्ये दोनदा समजावलं. मला त्याचा रागच आला. काम नको असेल तर तसं सांगा, म्हटलं. शेवटी त्याने केलं. गिटारीच्या माथ्यावर त्या महागड्या मॉडेलचं नावही मी हुबेहूब काढून घेतलं. ते पाहताना मी मनात चरकलो, पण अण्णा दुसऱ्या दिवशी यायचा होता.

आला तो फार वाळला होता. चहा झाल्यावर मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. नाव वाचून तो हसला, इतक्या दिवसांनी हसला. मला धन्य वाटलं.

वाजवताना त्याचा उजवा हात वरच्या कडेवर पुन्हापुन्हा सरकत होता. तिथे वर्षानुवर्षं हात घासून रंग उडाला होता, आतलं लाकूड दिसायचं. वहिनी त्याला अण्णाचं टक्कल म्हणायची. मी ते रंगवून गुळगुळीत केलं होतं.

थोडं वाजवून त्याने गिटार माझ्या हातात दिली.

"छान घेतलीस रे. जपून वापर," म्हणाला. "आता माझी आण."

हीच ती, असं मी सांगितलं. तो दाराकडे बघत बसला. ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा म्हणालो, "अण्णा, हीच तुझी."

"एकदा ऐकलं," तो म्हणाला.