ब्लिमाची जागा धरून ठेवलेली पोर

ब्लिमाची पोर तीन महिन्यांची झाली, तरी तिला नाव नव्हतं. युद्ध संपून वर्ष झालं होतं. पोलंडमधल्या लोड्झ शहरात जे थोडे ज्यू परतले होते, ते एकाच इमारतीत दाटीवाटीनं राहत होते. हातमोजे शिवण्यात ब्लिमाचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं, आणि हट्टातही.

प्रार्थनाघर सांभाळणारे म्हातारे गेत्सल दर शनिवारी विचारायचे, "काय गं, ठरलं का? की एकदम लग्नातच ठेवायचं नाव?"

"बघू, काका."

आमच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. ब्लिमाला आईचंच नाव ठेवायचं होतं, फ्रुमेट. पण ते ठेवायचं म्हणजे आई गेली, असं आपल्याच तोंडानं म्हणायचं. ती रोज ज्यू कमिटीच्या भिंतीवर छावण्यांतून जिवंत वाचलेल्यांच्या याद्या बघायची. फ्रुमेट कधीच नसायची. उद्या नवी यादी लागेल, म्हणत ती घरी यायची.

शेजारच्या खोलीत झेल्डा राहायची. तिच्या तीन मुलींपैकी एकही उरली नव्हती. फ्रुमेटला छावणीत नेलं त्याच रेल्वेच्या डब्यातून झेल्डालाही नेलं होतं, हे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. ब्लिमा तिच्याकडे मीठ मागायची, सुई मागायची. तेवढं एक विचारायची नाही. कसं विचारणार बिचारी!

एका दुपारी झेल्डाच दारात आली. "ब्लिमा, माझ्या रायझलचं नाव दे हिला. तिचं नाव घ्यायला कुणी उरलं नाही. तुझी पोर अजून नावाविना तशीच आहे ना?"

"तशीच नाही," ब्लिमा फणकारली. "जागा धरून ठेवलीय."

"कुणासाठी गं? तीन महिने झाले, आज विचारशील, उद्या विचारशील, म्हणून वाट बघतेय मी."

ब्लिमाच्या हातातली सुई थांबली. "आई उजवीकडे गेली की डावीकडे?"

"डावीकडे."

छावणीच्या दारात माणसं दोन बाजूंना वाटायचे. डावीकडे गेलेलं कुणी परत आलं नव्हतं.

"माझी धाकटी, रायझल, रडत होती," झेल्डा म्हणाली. "माझ्या दोन्ही हातांना थोरल्या दोघी. तुझी आई म्हणाली, आण इकडे, मी घेते कडेवर. पोर कडेवर दिसली की त्या बाईलाही डावीकडे धाडायचे. थोरल्या दोघींनाही ओढून नेलं. मी उजवीकडे राहिले."

ब्लिमा पोटभर रडली. पुढच्या शनिवारी गेत्सलकाकांनी नाव पुकारलं, फ्रुमेट-रायझल.

घरी येताना जिन्यात पोर रडायला लागली. वर झेल्डा दार धरून उभी होती. पुढं यावं की नाही, तिला कळेना.

ब्लिमानं पोर तिच्यापुढं धरली. "घे गं. आता तू घे कडेवर."