माहेरच्या दारात थांबलेली जीप

माणसाला नुसतं एका गावातून उचलून दुसऱ्या गावात सोडणं हा आमच्या जीपवाल्या मामांना त्या माणसाचा अपमान वाटतो. शिरूर ते यवत या रस्त्यावर त्यांची जीप धावते असं म्हणणं धाडसाचं आहे; ती गप्पा मारत जाते. कुठे जायचं एवढं सांगून भागत नाही, का जायचं तेही सांगावं लागतं, आणि ते कारण मामांना पटावं लागतं. एका गृहस्थांना त्यांनी वाटेत न्हावऱ्यातच उतरवलं. "मेव्हण्याशी भांडायला एवढ्या लांब कशाला? फोनवर भांडा की!" नव्या प्रवाशाची ते जुन्यांशी ओळख करून देतात, आणि त्या ओळखीत त्याचा मधुमेहही येतो. मध्यंतरी मी एका वातानुकूलित बसने पुण्याला गेलो. गार हवा, पाण्याची बाटली, आणि उतरताच फोनवर प्रश्न: प्रवास कसा वाटला, किती तारे द्याल? मला प्रवासातलं काही म्हणता काही आठवेना. मामांना तारे द्यायची सोय नाही, विसरायचीही नाही.

वडगाव रासाईच्या एका मुलीला त्यांनी दोन वर्षं शिरूरच्या कॉलेजात नेलं-आणलं. परतताना ती हमखास झोपायची. मामा फाट्याला वळून थेट तिच्या दारात जीप नेत आणि हॉर्न वाजवून तिला उठवत. मग लग्न होऊन ती यवतला गेली. शेवटच्या वर्षाचे पेपर द्यायला सासूबाईंनी होकार दिला, पण अट घातली: चारच्या आत घरात. एक दिवस उशीर झाला की पुढचे पेपर बंद.

पहिल्या पेपरच्या दिवशी मी जीपमध्ये होतो. पेपर देऊन पोर बसली आणि झोपली. फाटा आला, मामांनी जीप वळवली. आम्हा नऊ जणांपैकी कोणालाच काही वाटलं नाही. जीप तिथे वळतेच. दारात हॉर्न वाजला तशी तिची आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि जागीच थिजली.

"अगं, न सांगता कशी आलीस? भांडान झालं व्हय?"

मुलीने डोळे उघडले, आईला पाहून छान हसली, मग घड्याळ पाहून रडायला लागली. साडेतीन वाजले होते.

मामांनी कपाळावर हात मारला. "लग्नात दोनदा जेवलो, आन् लग्नच इसरलो!"

"चहा तरी घ्या," आई म्हणाली.

"चहा न्हाई, काय न्हाई. बसा समदी!"

एरवी हात न दाखवणाऱ्यालाही विचारपूस करायला थांबणारे मामा त्या दिवशी कुठेच थांबले नाहीत. केडगावला उतरणारे एक आबा ओरडत राहिले. "आबा, येताना उतरवतो," म्हणत मामांनी त्यांनाही यवतला नेलं.

साडेचार वाजले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मामा टोपी सारखी करत पुढे झाले. "वैनी, पोरीची चूक न्हाई. ती झोपली हुती. म्याच सवयीनं तिला म्हायेरी न्हेली. हे समदे साक्षीला हायेत." आम्ही शाळेतल्यासारखे रांगेत उभे राहिलो. आबा तर तावातावाने म्हणाले, "खरं हाय, बाई! मला केडगावला जायचं हुतं, आन् बघा मी कुठं हाय!"

सासूबाईंनी आबांकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. त्यांना हसू आवरेना. "ऱ्हायलेल्या पेपरला हिला तुमीच न्या-आणा," शेवटी त्या म्हणाल्या. "आन् आता आत या, चहा टाकते."

पोर पास झाली. आता ती सणसवाडीच्या एका कंपनीत आहे. न्यायला-आणायला कंपनीची गार बस, खिडकीजवळची ठरलेली जागा. परवा यवतच्या बाजारात भेटली. बस कशी आहे, मी विचारलं.

"चांगली आहे, काका. अगदी वेळेवर येते," ती म्हणाली, आणि जरा थांबली. "फक्त झोप लागत नाही."