तीन घरांचं दळण

ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की त्याची विरी जाते. मग ते कितीही मळलं तरी थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना भाकरी मधोमध मोडते. हे मला माहीत होतं, म्हणून लातूरहून नांदेडला राहायला आल्यावर गिरणीत गेले ती एका माणसाला आठवडाभर पुरेल एवढीच ज्वारी घेऊन.

गिरणीवाल्याने डबा हातात घेऊन हलवून पाहिला. "मॅडम, एवढं तर माझ्या दगडालाच लागतं. पायलीभर आणा, झकास दळून देतो."

"पायलीभर पीठ ठेवून काय करू? विरी जाईल."

"का? घरात माणसं न्हाईत का?"

मी डबा परत घेतला. त्याने सहज विचारलं होतं.

माझे पती लातूरच्या एका शाळेत शिक्षक होते. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केलं, पण माझी नोकरी कधी कायम झाली नाही. ते गेल्यावर निवृत्तिवेतन निम्म्यावर आलं आणि भाड्याचं घर परवडेना. नांदेडला त्यांच्या वडिलांच्या दोन खोल्या बंद पडून होत्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मी पुस्तकांची खोकी टेम्पोत घालून इकडे आले. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघ. नाही जमलं तर मी तुला न्यायलाच येतो."

मला जायचं नव्हतं. पुण्यातल्या त्या सातव्या मजल्यावर माझ्या पतींना ओळखणारं कुणी नव्हतं. इथल्या गल्लीत दोन-चार म्हातारी माणसं अजून त्यांच्या लहानपणच्या नावाने त्यांची आठवण काढत. कारण एवढंच होतं, आणि मुलापुढे ते मांडता येण्यासारखं नव्हतं.

गिरणीतून परत आल्यावर मी खिचडी करू लागले, आणि पुढे पुढे नुसतं चहा-बिस्किट. वाचायला भरपूर होतं. उन्हाळा तसाच गेला.

आमच्या मधल्या भिंतीपलीकडे एक मुस्लिम बाई राहतात. माझ्यासारख्याच एकट्या, वयाने थोड्या मोठ्या. साड्यांना फॉल-पिको करून देतात. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणते. एके दिवशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, एक विचारू? तुमच्या घरातून भाकरी थापायचा आवाज कभी आताच नै. तुम खाते क्या?"

मी गिरणीची आणि चहा-बिस्किटांची गोष्ट सांगितली. त्या भिंतीला हात टेकून हसत राहिल्या.

"अगे, त्यानं मला बी असंच वापस भेजलं होतं! आता मी समोरच्या अक्कासंगं टाकते. तुम बी चलो. चुपचाप बैठके बिस्किटं कशाला खाते?"

समोरच्या अक्का मूळच्या देगलूरकडच्या. मुलं हैदराबादला. त्याही एकट्याच. दोघी आपापली ज्वारी एका डब्यात ओतून एकच दळण करत आणि परत आल्यावर पीठ वाटून घेत.

माझी आई उमरीकडची होती. तिच्या लहानपणी गावातल्या गिरणीत आमच्या लोकांचं दळण सगळ्यात शेवटी टाकत. दुसऱ्या दिवशी ज्याचं पहिलं दळण असे, तो आधी मूठभर धान्य दगडातून काढून फेकून देई आणि मगच आपलं टाके. आई हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात राग नसायचा. त्या काळी उन्हाळा किती कडक असे, हे सांगावं तसं सांगायची. त्यामुळे खाला "तिघींचं एकत्र टाकू" म्हणाल्या तेव्हा मी अक्कांकडे पाहिलं.

अक्का म्हणाल्या, "माझं येगळं ऱ्हाऊ द्या."

मी माझ्या डब्याचं झाकण लावलं.

अक्कांनी ते पाहिलं. मग त्यांनी आपल्या पिशवीचं तोंड माझ्यासमोर उघडून धरलं. "ही रेशनची हाय, बाई. लई बारीक दाना, त्यात किडका. तुमची शाळू दिसून राहिली. चांगल्या दान्यात हे कशाला घालू म्हनलं."

"तीन म्हाताऱ्यांच्या पोटाला काय समजतंय, शाळू कोणती न् रेशन कोणतं?" खाला म्हणाल्या. "ओता!"

अक्कांनी सांगितलेलं कारण मी खरं धरलं. तपासून पाहावं असं वाटलं नाही. मी झाकण काढलं आणि त्यांनी पिशवी माझ्या डब्यात उलटी केली.

तेव्हापासून आमचा गुरुवार ठरला. बुधवारी दुपारी खालांच्या ओसरीत धान्य निवडायचं. मी वर्तमानपत्र घेते, त्या दोघी घेत नाहीत, म्हणून निवडता निवडता मी वाचून दाखवते. अक्कांना बाजारभाव लागतात. विकायला त्यांच्याकडे काही नाही, तरी लागतात. खालांना निधनवार्ता. "पढो, कोण कोण गेलं बगू," म्हणतात आणि प्रत्येक वयावर मत देतात. "सत्तर? अजून ऱ्हायला पायजे होता."

एका बुधवारी मी जपून ठेवलेलं एक कात्रण नेलं आणि तारीख न सांगता इतर बातम्यांच्या ओघात वाचलं. लातूर, सेवानिवृत्त शिक्षक, त्यांच्या पश्चात पत्नी व एक मुलगा. वय ऐकून खाला काही बोलल्या नाहीत. अक्कांनी माझं सूप आपल्या मांडीवर ओढलं आणि त्यातले खडे काढू लागल्या. त्या दिवशी माझी ज्वारी त्यांनीच निवडली.

पावसाळ्यात मला ताप आला, तेव्हा माझ्या वाटणीच्या पिठाच्या भाकऱ्या होऊन आल्या. बरी झाल्यावर भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून मी जरा जोरात थापू लागले. एखाद्या दिवशी उशीर झाला तर पलीकडून भिंतीवर बुक्की बसते.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा आला. सोबत मोठी बॅग होती आणि ती रिकामी होती. गुरुवारची सकाळ. मी चहा टाकत होते, तोवर त्याने स्वयंपाकघर पाहून घेतलं. पिठाचा डबा उघडला तर तळाशी पसाभर पीठ. फ्रिज उघडला तर तो बंद, आणि आत पुस्तकं. इथल्या भिंतीला वाळवी आहे, म्हणून मी ती तिथे ठेवली होती. एकटीच्या भाजीला फ्रिज लागत नाही.

"आई, तू जेवत नाहीस."

"जेवते की."

"काय जेवतेस? पुस्तकं?"

मी काही सांगायच्या आत तो आतल्या खोलीत गेला. बॅग पलंगावर उघडून त्याने माझ्या साड्यांच्या कपाटाला हात घातला. तेवढ्यात भिंतीवर बुक्की बसली आणि पाठोपाठ खाला दारात. "बाई, दळण! आज डबा न्यायची तुमची पाळी हाय, भूल गये क्या?" मागे अक्का, डोक्यावर भरलेला डबा.

मुलगा बाहेर आला.

"पुन्याचे सायेब का हे?" अक्कांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "बरं झालं. धरा. मान मोडून राहिली माझी."

त्याने डबा घेतला. बूट घालायला एका हाताने जमेना, म्हणून माझ्या चपला अडकवून तो आमच्यामागून निघाला. गिरणीवाला त्याला पाहून म्हणाला, "मॅडम, आज घरातला मानूस आनला जनू." मुलाने डबा त्याच्यासमोर ठेवला. परत येऊन ओसरीत गरम पीठ वाटलं. माझ्या डब्यात पसाभरच पीठ का उरलं होतं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. त्याने विचारलं, "काटा नाही का?" अक्का म्हणाल्या, "ज्येला जेवढं लागंल तेवढं."

दुपारी मी भाकरी थापायला बसले. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या लांबच्या चुलत्याकडे जायचं म्हणत होता, पण तव्यावरची भाकरी फुगताना पाहत तिथेच बसला. त्या दिवशी त्याने तीन खाल्ल्या.

रविवारी तो निघाला, तेव्हा माझ्या साड्या कपाटातच होत्या. बॅगेत मी थोडी शाळू बांधून दिली. पीठ तिथे पोचून टिकलं नसतं.

"एवढुशी तिकडे कोण दळून देईल?" तो म्हणाला.

"शेजारी विचार."

त्याने बॅगेची चेन लावली. "शेजारी कोण राहतं, बघावं लागेल," म्हणाला आणि स्टेशनला गेला.