शिंपीण मावशीच्या छपरावरची डिश

शिंपीण मावशी संध्याकाळी दार लावून कुणा पुरुषाशी बोलते, ही बातमी परटिणीने फोडली. "या कानांनी ऐकलं. 'राजा' म्हणत होती!" या वयात राजा! वस्तीला चघळायला विषय मिळाला.

मावशीच्या छपरावर डिश होती, थेट आभाळातून इंटरनेट आणणारी. आमच्याकडे मोबाइलला रेंज नाही. मूठभर घरांसाठी टॉवर कोण उभारतो? मावशीचा एकुलता एक लेक तिच्याशी कडाडून भांडून घराबाहेर पडला आणि जहाजावर स्वयंपाकी झाला. त्याच्याशी बोलता यावं म्हणून तिने शिलाई मशीन विकून ती डिश घेतली.

बसवणारा निघताना म्हणाला, "मावशी, पहिला महिना फुकट. पुढे दर महिन्याला भरायचे."

"कशाचे? मशीन घेतलं तेव्हा टाक्याटाक्याला कुणी पैसे मागितले नव्हते. आभाळ काय तुझ्या बापाचं आहे?"

तो हसला. मावशी हसली नाही.

फुकटच्या महिन्यात अख्खी वस्ती तिच्या खोलीत. चिंध्यांच्या ढिगावर बसून परटीण जावयाला झापायची, वाणी बाजारभाव विचारायचा. आल्यागेल्याचं आधी, आपलं मागून, ही मावशीची जुनी खोड. लेकाचा चेहरा दिसला की तिच्याआधी दहा डोकी घुसायची. "काय रे, वाळलास की!" "तिकडे कुणी पटवलीस का नाही?" मावशीच्या पोटात बोलायचं बरंच असायचं, पण चारचौघांत तोंडातून निघायचं एवढंच, "जेवलास का?"

"आई, स्वयंपाकी आहे मी!" तो म्हणायचा. खोलीभर हशा.

महिना संपला, डिश मुकी झाली. मशीन गेलेलं, हाताने काजं-बटणं करून असं कितीसं सुटणार? वस्तीत वर्गणीचा विषय निघाला आणि चहाबरोबर संपला. "डिश तिची, लेक तिचा," वाणी म्हणाला. परटिणीने मान डोलावली. मावशीने मिणमिणत्या डोळ्यांनी सुई ओवणं चालू ठेवलं. डिशवर कावळे बसू लागले.

त्याच दिवसांत ती बातमी फुटली.

परटिणीने ऐकलं ते शब्द खरे होते. आत पुरुष नव्हता. बंद फोन समोर ठेवून मावशी, डिश पुन्हा चालू झाली की लेकाला काय सांगायचं, ते घोकत होती. "राजा, चूक माझी होती. घरी ये."

डिश चालू झाली नाही. मावशी त्याच खोलीत वारली.